विमान आलं, आता सबब कुठली?

सोलापुरात गेली पंधरा-वीस वर्षं कुठल्याही चहाच्या टपरीवर कुठलाही प्रश्न विचारला, तरी उत्तर एकच मिळायचं. पोरं शिकून पुण्याला का पळतात? विमान नाही म्हणून. आयटी कंपनी का येत नाही? विमान नाही म्हणून. चादरीचा धंदा का बसला? अहो, मोठं गिऱ्हाईक येणार कसं, विमान कुठंय? घरातल्या प्रत्येक दुखण्यावर 'दृष्ट लागली' हे एकच निदान करणारी म्हातारी असते ना, तशी आमच्या शहराची गत होती. अशा निदानाची सोय ही, की औषध कुणालाच घ्यावं लागत नाही.

आता विमान आलंय. ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची सेवा सुरू झाली, १५ ऑक्टोबरला मुंबईची. फटाके फुटले, बॅनर लागले, पहिल्या विमानातल्या पहिल्या प्रवाशांचे फोटो छापून आले. त्या आनंदात मीही होते. पण या विमानतळानं सोलापूरला जे काही दिलंय, त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट बॅनरवर कुठंच नव्हती. ती म्हणजे, सबब संपली. 'विमान नाही म्हणून' हे वाक्य आता आपल्याला वापरता येणार नाही. आणि माझी तक्रार ही आहे, की ते वाक्य सोडायला आपण अजून तयार नाही. 'विमान रोज नाही म्हणून', 'विमान लहान आहे म्हणून', 'हैदराबादचं नाही म्हणून' अशी त्याची पिल्लं आत्ताच जन्माला आली आहेत.

आधी दुसऱ्या बाजूचा हिशोब करते, कारण ती बाजू माझ्या मित्रमंडळींची आहे. विमानतळाचं नाव काढलं की हे लोक म्हणतात, "नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि यांना विमान पाहिजे!" उजनी भरून वाहत असताना सोलापूरकरांनी पिंप भरून ठेवायचं, ही लाजिरवाणी गोष्ट आहेच. पण या युक्तिवादात एक खोट आहे. 'आधी हे, मग ते' हा नियम फक्त लहान शहरांना लावला जातो. मुंबईत लोकलला लोंबकळून माणसं मरतात, म्हणून तिथला विमानतळ बंद ठेवा, असं कुणी म्हणत नाही. पुण्यात टँकर फिरतात, म्हणून पुण्याचं नवं टर्मिनल अडलं नाही. सोलापूरनं मात्र पाणी, गटार, रस्ते अशी यादी पुरी करून मगच आकाशाकडं बघायचं. शिवाय पाण्याचा पैसा आणि विमानाचा पैसा एकाच डब्यातून येत नाही. विमान आलं नसतं, तर रोज पाणी आलं असतं, असं मानायला काहीही आधार नाही. एवढी वर्षं विमान नव्हतंच की. तेव्हा कुठं रोज पाणी येत होतं?

तर विमानतळ हवा होता आणि झाला हे बरं झालं, इथून मी सुरुवात करते. मी तिथून गोव्याला गेले आणि परत आले. रस्त्यानं जिथं जायला अख्खा दिवस मोडतो, तिथं तासाभरात पोचले. टर्मिनल लहान आहे आणि तेच त्याचं सुख आहे. मोठ्या विमानतळावर माणूस चालून चालून दमतो, दर पन्नास पावलांवर कुणीतरी काहीतरी विकत असतं. इथं रिक्षातून उतरलं, पिशवी तपासून झाली, की थोड्या वेळात तुम्ही धावपट्टीच्या बाजूला चालत विमानाकडं निघालेले असता. मागच्या दारानं शिडी चढायची. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या, मधली अडचणीची खुर्चीच नाही. पंख खिडक्यांच्या वर, त्यामुळं खालचा ऊस, तळी, माळ सगळं नीट दिसतं.

माझ्या पुढं एक आजोबा होते, धोतर आणि टोपी. तपासणीच्या चौकटीतून गेले की यंत्र वाजायचं. खिसे रिकामे केले, घड्याळ काढलं, तरी वाजायचंच. शेवटी त्यांच्याच लक्षात आलं. "करदोटा हाय साहेब चांदीचा. लग्नापास्नं काढला नाय," ते म्हणाले. जवान हसला. हातातल्या यंत्रानं तपासून त्यानं त्यांना तसंच जाऊ दिलं, करदोटा काढायला लावला नाही. त्यांच्या सुनेच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा पुडा होता. तो दोनदा उलटासुलटा करून बघितला गेला. "कोरडी हाय ओ, तेलाची नाय," असा तिनं खुलासा केला आणि चटणीही विमानात चढली. सून सासऱ्याशी मराठीत, नवऱ्याशी तेलुगूत आणि फोनवर कुणाशीतरी कानडीत बोलत होती. एवढं सोलापूर त्या एका रांगेत होतं.

ही गोष्ट सांगायचं कारण करदोट्याची गंमत नव्हे. त्या आजोबांना त्या इमारतीत कुणी 'ए बाबा, बाजूला हो' म्हटलं नाही. बसायला खुर्ची होती, प्यायला पाणी होतं, स्वच्छतागृह स्वच्छ होतं, गाडी कधी सुटणार हे फलकावर लिहिलेलं होतं आणि विचारलं तर माणूस उत्तर देत होता. यात आधुनिक असं काही नाही. प्रवासाचं तिकीट काढलेल्या कुठल्याही माणसाला एवढं मिळायलाच हवं. महाराष्ट्रातल्या एसटी स्थानकांवर रोज लाखो लोक उभे असतात, त्यांनीही तिकीटच काढलेलं असतं. त्यांच्यासाठी याच पाच गोष्टी अजून 'सुधारणा' या सदरात मोडतात आणि निधी आला की होतील, असं सांगितलं जातं. खुर्ची, पाणी, संडास, वेळेचा फलक आणि नीट बोलणारा माणूस. या पाचांना सत्तर आसनांच्या विमानाचं कारण कशाला लागावं?

निधीचा विषय निघालाच आहे, तर पैशाकडं बघू. 'उडान' योजना २०१६ मध्ये आली. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावं, असं तिचं वर्णन केलं गेलं. व्यवहार असा: कंपनीनं विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरवलेल्या कमाल भाड्यात द्यायच्या आणि त्यात येणारी तूट सरकारनं तीन वर्षं भरून द्यायची. त्यातला पाचवा हिस्सा राज्याचा, उरलेला पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून घेतलेल्या आकारातून येतो. सोलापूर-मुंबई मार्गासाठी तर उडानची वाट न बघता राज्य सरकारनं स्वतःच तूट भरून द्यायचं ठरवलं. माझी याला हरकत नाही. सार्वजनिक प्रवासाला सार्वजनिक पैसा लागतो, हे मला मान्यच आहे.

मला खटकतो तो शब्दांतला भेद. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ मध्ये बायकांना तिकीट अर्धं झालं, तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांनी त्याला 'रेवडी' म्हटलं. बायका उगाच फिरायला लागल्या, असे विनोद झाले. त्याच लोकांच्या विमानाच्या तिकिटातला मोठा हिस्सा सरकार भरतं तेव्हा त्याला 'व्यवहार्यता तूट निधी' म्हणतात. बार्शीहून माहेरी निघालेली बाई अर्ध्या तिकिटात बसली, की ती फुकटी. गोव्याला निघालेला माणूस सवलतीच्या जागेवर बसला, की तो शहराच्या विकासाला हातभार लावतो. एक तर दोघांना फुकटे म्हणा, नाहीतर दोघांना प्रवासी म्हणा. मी दोघांना प्रवासी म्हणते.

आता विमानाच्या भक्तांकडं वळते. टर्मिनलची क्षमता वर्षाला चार लाख दहा हजार प्रवाशांची आहे, असं उद्घाटनाच्या वेळी सांगितलं गेलं. आकडा ऐकायला छान आहे, पण कागदावर मांडून बघा. रोजचे सुमारे अकराशे प्रवासी झाले. गोव्याला जाणाऱ्या विमानासारखी सत्तरेक आसनांची विमानं धरली, तर रोज आठ यायला हवीत आणि आठ जायला हवीत. तीही प्रत्येक फेरीला गच्च भरून, वर्षाचे ३६५ दिवस. आज आपण त्याच्या जवळपासही नाही. रेल्वेच्या जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. म्हणजे आपलं विमान हे सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या एका डब्याएवढं आहे. तो डबा आठवड्यातून काही वेळा, तासाभरात, हवेतून जातो. ज्याला लागतो त्याला तो फार उपयोगाचा आहे. आजारी माणूस, परीक्षेला निघालेला मुलगा, कंपनीचा इंजिनिअर, देवदर्शनाला येणारी कुटुंबं. पण एका डब्यानं शहराचं नशीब पालटतं, हे मानायला मी तयार नाही.

आपल्याकडं नशीब पालटल्याचा दाखला आहे, तो मोठ्या गाडीचा. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही जुनी गिरणी चालू झाली १८७७ मध्ये. मधली सतरा वर्षं काय घडत होतं? आसपासच्या मुलखात कापूस होता. मागावर बसणारे हात होते, त्यात तेलंगणातून येत राहिलेले पद्मशाली होते. पेठ होती, सावकार होते. रेल्वेनं यातलं काहीही निर्माण केलं नाही. जे होतं, त्याला वाट दिली. शिवाय ती रेल्वे गासड्या वाहायची आणि तिसऱ्या वर्गाची माणसं वाहायची. पुढं गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा रेल्वे होतीच, रोज वेळेवर येत होती. वाहतूक असूनही शहर बसू शकतं, हे सोलापूरएवढं कुणाला ठाऊक असायला हवं?

विमानाचा अनुभवही आपल्याला नवा नाही. याच धावपट्टीवरून किंगफिशरचं मुंबईचं विमान काही काळ उडत होतं. तेव्हाही हार-तुरे झाले होते. ते बंद पडलं, २०१२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. त्या काळात कुठला कारखाना विमान बघून आला आणि विमान गेल्यावर निघून गेला, हे विमानभक्तांनी मला एकदा सांगावं.

मग आली चिमणी. कुमठ्याच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची, सुमारे नव्वद मीटर उंच. विमानतळाच्या नियमांना ती अडथळा होती, तिच्या परवानग्यांचे वाद होते, हे सगळं खरं. तिच्यावरून शहर उभं फाटलं. एका बाजूला चक्री उपोषणं, दुसऱ्या बाजूला ऊस उत्पादकांचे मोर्चे. एका बाजूला 'शहराचा विकास', दुसऱ्या बाजूला 'शेतकऱ्याचा कारखाना', जणू दोघांचा चुलतभावांसारखा बांधाचा दावा. १५ जून २०२३ ला ती स्फोटकं लावून पाडली. काही सेकंदांत काम झालं.

चिमणी पाडायची की नाही, यावर इथं मला निवाडा द्यायचा नाही. माझा मुद्दा तारखांचा आहे. शहराला सांगितलं होतं, की चिमणी गेली की विमान आलं. चिमणी गेली १५ जून २०२३ ला. विमान आलं ९ जून २०२५ ला. दोन वर्षांना सहा दिवस कमी. मध्ये २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीनं विमानतळाचं उद्घाटनही केलं. तेव्हाही इथून प्रवासी विमान उडत नव्हतं, त्यानंतर आठ महिने उडलं नाही. तर मग त्या दोन वर्षांत अडथळा कुठला होता? परवान्याची कामं, दुरुस्त्या, विमान कंपनीला या मार्गावर यायची इच्छा. या कामांना उपोषण लागत नाही, चिकाटी लागते. कागदाचा पाठपुरावा लागतो. त्यात फोटो निघत नाहीत, म्हणून त्याची चर्चा होत नाही. चिमणी डोळ्यांना दिसत होती, म्हणून सगळा राग तिच्यावर काढता आला.

आणि जी गोष्ट दिसत नाही, ती पुढं वाढून ठेवलेली आहे. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा उडानवरचा अहवाल २०२३ मध्ये आला. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पुरी केली. आणि तीन वर्षांनंतर, मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले फक्त ५४. म्हणजे दिलेल्या दर शंभर मार्गांतले सात.

लांब कशाला जा, सिंधुदुर्गातलं चिपी बघा. ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, एकाच मंचावर एकमेकांवर कुरघोडी करणारी भाषणं झाली, कोकणचं भाग्य उजळल्याचं सांगितलं गेलं. मुंबईची सेवा उडानखाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षं पुरी झाली आणि ती सेवा थांबली. चिपीला तर समुद्र आहे, पर्यटक आहेत, मुंबईत राहणारा अख्खा चाकरमानी वर्ग आहे. तरी ही गत. आपल्याकडं काय आहे, याचं उत्तर कुणीतरी आत्ताच शोधायला हवं. घड्याळ पहिल्या उड्डाणाच्या दिवशीच सुरू झालंय.

शोधायचं म्हणजे काय? चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्यानंतर नवं डिझाइन करणारी मुलं शहरात टिकावीत, यासाठी काय केलं? सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंबाला आणि ज्वारीला परदेशी गिऱ्हाईक शोधून द्यायला कोण बसलंय? पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर ही तीन मोठी तीर्थक्षेत्रं सोलापूरच्या परिघात आहेत. विमानातून उतरलेल्या भाविकाला त्यातल्या एकाही ठिकाणी थेट नेणारी बस टर्मिनलच्या दारात विमानाच्या वेळेला उभी असायला नको का? बस लावायला धावपट्टी लागत नाही, चिमणी पाडावी लागत नाही. एक वेळापत्रक दुसऱ्या वेळापत्रकाला जोडावं लागतं. तेवढंच काम, पण त्याचं उद्घाटन होत नाही.

बोरामणीचंही असंच. हैदराबाद रस्त्यावर मोठा नवा विमानतळ होणार म्हणून तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, पाचशेहून जास्त हेक्टर. मग थोड्या वनजमिनीचा आणि माळढोकाचा प्रश्न आला आणि सगळं थांबलं. आता होटगी रोडला विमान उतरतं, म्हणून बोरामणी विस्मरणात गेलंय. तो विमानतळ होणार असेल तर कधी, होणार नसेल तर त्या जमिनीचं काय, हे ज्यांनी जमीन दिली त्यांना सांगायला हवं. होटगी रोडच्या विमानात बसणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यांच्या वतीनं विचारायला हवं. विकासासाठी जमीन त्यांनी दिली, विमान आपल्याला मिळालं.

विमानाशिवायही सोलापूर मोठं काम करू शकतं, याचं उदाहरण कुंभारीला उभं आहे. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार, कागद-काच-पत्रा वेचणारी माणसं यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, स्वतःचा वाटा भरून, दिल्ली-मुंबईचे उंबरे झिजवून रे नगर उभं केलं. तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. त्या बायकांनी 'विमान नाही म्हणून' असं कधी म्हटलं नाही. त्यांना ती सबब परवडणारी नव्हती.

म्हणून विमानतळाचा अभिमान बाळगणाऱ्या सगळ्यांकडं माझं एक मागणं आहे, आणि ते फार स्वस्तातलं आहे. टर्मिनलच्या दारात एक फलक लावा. गेल्या महिन्यात किती विमानं ठरली होती, किती उडाली, किती प्रवासी आले-गेले, किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि सरकारनं किती रुपये भरले, हे दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर मराठीत लिहा. जमलं तर तेलुगू आणि कानडीतही, कारण ते पैसे त्यांचेही आहेत. तसाच एक फलक एसटी स्थानकावर लावा. दोन्ही फलक वाचणारा माणूस आपला आपण ठरवेल, की पैसा कुठं कामी येतोय. गोव्याच्या विमानाची तीन वर्षं जून २०२८ मध्ये भरतात. त्या दिवशी कुणीतरी येऊन 'प्रवासी मिळाले नाहीत' असं सांगणार असेल, तर ते आपल्याला त्या फलकावर आधीच, महिन्यामागून महिना, वाचता यायला हवं. मग उपोषणाला बसायचं की आणखी काही करायचं, ते वेळेत ठरवता येईल.